सातव्या डावात मान खाली गेली त्याबद्दल

ग्रॅनाइट फोर्ड, गुरुवार

तीर्थरूप एमेट मामा यांस,

ओडाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तळ्यावरचा बर्फ गेला, म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्तीला येऊन पडली असतील आणि तुम्हाला जेवायलाही वेळ होत नसेल. हंसीण कशी आहे? अजून चावते का? (हे मी उगाच विचारत नाही. कारण खाली येईल.) इकडे आई बरी आहे, तिनं सोबत रुबार्बची पाई भाजून दिली आहे. आजोबाही बरे आहेत. फारच बरे आहेत, आणि भीती तीच आहे. पत्र टपालानं न येता हातात का आलं, तेही खालीच येईल. मामा, उभ्यानं वाचत असाल तर कृपा करून बसा. दार उघडं असेल तर उघडंच राहू द्या.

तुम्हाला माहीतच आहे की मी शाळेत गेले ती एकदम नववीत. तोवर वाचायला आईनं शिकवलं आणि हिशेब तुम्ही, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बेसबॉलच्या पिचरांच्या सरासऱ्या काढायला लावून. (अपूर्णांक मला अजून खेळाडूंच्या चेहऱ्यांसकट आठवतात.) त्याच टेबलावर तुम्ही मला दोन नियम घालून दिलेत. पहिला, खोटं बोलायचं नाही. दुसरा, आपला पिचर समोरच्यांना एकही फटका मारू देत नसेल, तर सामना संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही (दृष्ट लागते), आणि त्यानं आपल्याकडे पाहिलंच तर नजर खाली. हे दोन्ही नियम मी आजवर पाळले. ते दोघं एकाच बाकावर माझी वाट बघत बसतील, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. (हा आरोप नाही. असला तर मागे घेते.)

तुम्ही क्लब सोडल्यापासून पिचरांना शिकवायचं काम नळदुरुस्तीवाल्या वेन्डेल पाईककडे आहे. भला माणूस आहे. आजोबा त्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले आणि तो 'हो' म्हणेपर्यंत हलले नाहीत, म्हणून तो कोच झाला. पिचरांना तो एवढंच सांगतो, "जोर लाव, पण बेतानं," आणि सांगून झालं की स्वतः पाणी प्यायला जातो. आजोबा अध्यक्ष आणि मी चिटणीस, म्हणजे ठरवायचं त्यांनी आणि झोप उडायची माझी.

तर या वसंतात आमच्याकडे चाचणीला एक मुलगा आला. सायलस क्विस्ट, नदीपलीकडच्या बीटची शेती करणाऱ्यांपैकी, डावखुरा. इतका भिडस्त की फलंदाज बाद झाला की पुटपुटत त्याची माफी मागतो. पण चेंडू असा टाकतो की माफी मागायलाच हवी. करारावर सही करायला मात्र तो तयार होईना. "विचार करतो," म्हणायचा आणि टोपी खाली ओढायचा.

गेल्या शनिवारी नऊ डावांचा सरावाचा सामना होता. सातव्या डावापर्यंत सायलसच्या चेंडूवर कुणालाही फटका मारता आला नव्हता. (आता लिहायला हरकत नाही, तरी लिहिताना टेबलाला हात लावला.) तेवढ्यात आजोबांना प्रेक्षकांत नॉर्थ हेकला क्लबचा माणूस दिसला, आपलीच सॉसेजं खात बसलेला.

"ओडे, तो हॅटवाला बघितलास? तो काय नुसता खायला आलाय? जा, पोराची सही घेऊन ये."

"आजोबा, आत्ता? सातवा डाव चालू आहे, आणि अजून एकही..."

"तोंडातून काढू नकोस ते!" आजोबा असे ओरडले की त्यांच्या पुढच्या रांगेतल्या बाईंची कॉफी सांडली.

"मग त्याला विचारू कसं?"

"विचारू नकोस. कागद पुढे कर आणि गप्प उभी राहा. तेवढं तरी येतं ना?"

मामा, तेवढं मला येतं असं मलाही वाटलं होतं. मी खेळाडूंच्या बाकाकडे गेले. पावसात कोंबड्या दाटीनं बसाव्यात तसे सगळे एका टोकाला बसले होते आणि दुसऱ्या टोकाला डाव्या खांद्यावर जाकीट टाकून सायलस एकटा. आपला कॅचर मर्ल माझ्या कानाशी म्हणाला, "नुसतं बघितलंस जरी त्याच्याकडे, तरी तळ्यात टाकू तुला. अध्यक्षांची नात म्हणून सोडणार नाही." मी छताकडे बघत बघत गेले, हात लांब करून कागद आणि पेन बाकावर ठेवलं, आणि वळणार तोच तो बोलला. तो स्वतः! पिचरच बोलला तर काय करायचं, हे तुमच्या नियमात नाही.

"ओडा, एवढंच सांग. एमेट सॉर्ली परत येतायत म्हणे पिचरांना शिकवायला. खरं आहे का? ते येत असतील तर मी आत्ता सही करतो."

'हो' म्हटलं तर खोटं. 'नाही' म्हटलं तर सातव्या डावात पिचरशी बोलले असं होणार, आणि मर्ल माझ्याकडे तळ्याच्या अंतराचा अंदाज घेतल्यासारखा बघत होता. सायलस माझ्याकडे बघत राहिला. मग मी तेच केलं जे तुम्ही शिकवलंत. नजर खाली घातली. पण मामा, नजर खाली जाताना मानही थोडी खाली जाते. निदान माझी जाते.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं सही केली.

नवव्या डावात त्याच्या चेंडूवर एक फटका बसलाच. (मर्लच्या मते माझ्यामुळे.) सामना आपण जिंकलो. तो संपल्या संपल्या मी खरं सांगायला धावले, तर सायलस कोपर बर्फाच्या बादलीत घालून आईशी फोनवर बोलत होता. "हो, तेच सॉर्ली. एका पोराचं कोपर सुजलं असताना अध्यक्ष त्याला पुन्हा उतरवायला निघाले, तेव्हा टोपी फेकून निघून गेलेले. आता नको काळजी करूस, आई." तो सतरा वर्षांचा असताना त्याच्या कोचनं त्याला सांगितलं होतं की दुखतंय म्हणजे ताकद येतेय. पुढे वर्षभर त्याला त्या हातानं दुधाची बाटली उचलता येत नव्हती. मी आल्या पावली परत फिरले.

तुम्ही परत येताय ही बातमी आजोबांकडे माझ्याआधी पोचली होती. ते चिडतील म्हणून मी घाबरले होते. ते खूश झाले, ते जास्त वाईट. "शेवटी आला ना ताळ्यावर!" म्हणाले. "मी माफीबिफी मागणार नाही, सांगून ठेवतो." नंतर पाहिलं, तर तुमची जुनी खुर्ची ते स्वतःच फडक्यानं पुसत होते. मला बघून म्हणाले, धूळ फार होते इथे. त्यानंतर माझ्यानं काही सांगवेना. वेन्डेलनं तर मला मिठीच मारली, शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि तो मासे पकडायला गेला. कुठे गेला ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. फोन तो मुद्दाम घरी ठेवून गेला आहे.

म्हणजे आता कोच नाही. "एमेट येईपर्यंत मीच बघतो," असं आजोबांनी जाहीर केलं. सोमवारी त्यांनी सायलसला मर्लचा तळवा सुजेपर्यंत चेंडू टाकायला लावले. मंगळवारी पुन्हा. मी म्हटलं, "आजोबा, त्याचा हात दुखतोय." तर म्हणाले, "हात आहे, दुखणारच. माझा नाही दुखत?" (आजोबा फक्त पत्ते टाकतात.) सायलस तक्रार करत नाही. सॉर्ली आले की बघतील, म्हणतो. काल मात्र तो कॉफी उजव्या हातानं पीत होता. कपाचा कान त्यानं हळूच वळवून घेतला, कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं. परवा शनिवारी मोसमाचा पहिला सामना आहे, आणि आजोबा म्हणतात, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत तोच टाकणार.

चूक माझी आहे आणि हात त्याचा आहे. याहून शहाणपणाचं वाक्य मला सुचत नाही, म्हणून इथे थांबते. गुडघा शेकत जा.

तुमची (हे वाचूनही ठेवलीत तर)
भाची ओडा

ता. क. पाई म्हणजे लाच नव्हे, असं मी लिहिणार होते. आईला विचारलं. ती म्हणाली, लाचच आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेला, तुमच्या पायरीवर उभा असलेला उंच मुलगा सायलस आहे. तुमच्या बॅगा उचलायला आपल्याला पाठवलंय, अशी त्याची समजूत आहे. त्याला डाव्या हातानं काही उचलू देऊ नका. हंसीण आवरा. नाहीच आवरली, तर उजव्या हाताला चावू द्या.

ता. क. तिसरा. तुमच्या टपालपेटीजवळ जी गाडी उभी आहे तिच्यात मी आहे, काचा लावून. तुमचं उत्तर काहीही असो, सायलसला खरं मी आजच सांगणार आहे, बोलून सांगणार आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच की उत्तर देण्याआधी त्याचं कोपर एकदा बघा. मग नाही म्हणायचं असेल, तर मला इथून दिसेल अशी मान जोरात हलवा. खाली मात्र घालू नका. खाली गेलेली दिसली, तर होकार समजून मी गाडी सरळ तुमच्या दारात आणणार आहे.