एकशे बारा पाकिटांचा हिशेब

बाळीवेस, सोलापूर
बुधवार

प्रिय शिवबाई,

माझं अक्षर बघून तू पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. तरी फाडू नकोस, एवढंच मागते. चहा टाक, निवांत बस आणि वाच. घाई नाही. सांगायचं पुष्कळ आहे आणि त्यातलं निम्मं त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडणंच आहे. ते ऐकून घ्यायला हल्ली मला कोणी उरलेलं नाही. आमच्या ह्यांच्यापुढे काढलं की ते उठून देवळात जाऊन बसतात.

फेब्रुवारीत मी भाकरीचं आपलं ऑनलाइन दुकान पुन्हा उघडलं. त्याच कंपनीत, पण माझ्या नावावर. चंद्रिकेनं रजेच्या दिवशी बसून सगळं भरून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती नोकरीवर गेली. सून म्हणून तिला बोल लावायची सोय नाही, कारण तिनं स्पष्ट सांगितलं होतं, ‘अत्ती, पुढचं तुमचं तुम्ही शिका.’ मग शिकले. चष्मा लावून, मोबाइल हातभर लांब धरून, एकेक अक्षर जुळवत शिकले. सातवी पास बाईनं या वयात काय काय वाचावं, याला काही मर्यादा असते की नाही?

सुरुवात नावापासून झाली. बँकेच्या पासबुकावर महादेवी शरणप्पा आणि पॅनकार्डावर नुसतं महादेवी एस. कंपनी म्हणाली, या दोन वेगळ्या बायका आहेत. मी फोन करून सांगितलं, बाबा, एकच आहे, तीच बोलतेय. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलला आणि म्हणाला, तुमचं तिकीट काढलं आहे. आता मला काय कळणार? मी दोन दिवस वाट बघितली, तिकीट येईल म्हणून. मग कळलं, तक्रारीच्या नंबराला ते तिकीट म्हणतात. अशी चार तिकिटं निघाली, पण गाडी काही हलली नाही. मधल्या काळात माल विकला जात होता, लोकांकडून पैसे घेतले जात होते आणि ते कंपनीकडे पडून होते. खातं तपासायला म्हणून त्यांनी माझ्या खात्यात एक रुपया टाकला. एकवीस दिवस माझी कमाई तेवढीच. ह्यांना पासबुक दाखवलं तर म्हणाले, जपून खर्च कर.

नाव जुळलं, तर पुढे फी. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही. दहा कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी, पाकीट दोनशे एकोणपन्नासचं. त्यात कंपनीचं कमिशन बावीस. ठीक आहे, दुकान त्यांचं आहे, जागेचं भाडं समजू. मग चौदा रुपये ‘क्लोजिंग फी’. चंद्रिकेला विचारलं तर म्हणाली, क्लोजिंग म्हणजे बंद करणं. मी म्हटलं, अजून धड उघडलं नाही, बंद करायचे पैसे कसले? तेही असू दे. पण पोचवायचे अठ्ठ्याऐंशी रुपये? पाकिटाचं वजन अर्ध्या किलोच्या आत. जगदेवीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तीनदा तोलून आणलं. तर म्हणे, वजन काट्यावर बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजून काढतात. म्हणजे खोक्यातल्या हवेचं वजन आपण भरायचं. बरं, खोकं लहान करावं तर भाकरी मोडते, मोठं करून कागदाचे बोळे घालावेत तर हवा वाढते. आणि या तिन्ही फीवर वर पुन्हा अठरा टक्के कर. मी वहीत मांडलं. दोनशे एकोणपन्नासातले एकशे शेहेचाळीस गेले, हातात आले एकशे तीन. त्यात ज्वारी, शेंगदाणे, तेल, गॅस, खोकं आणि माझं कंबरडं.

आणि मोडलेल्या भाकरीची कथा तर विचारू नकोस. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, भाकरी तुटली आहे. अगं, कडक भाकरी आहे ती, खाताना तोडूनच खायची असते. पण कंपनी एका मिनिटात गिऱ्हाइकाचे पैसे परत देते, आमटीत चुरून भाकरी तो खातो, आणि दोनशे तेवीस रुपये माझ्या खात्यातून वजा. कमिशन तेवढं परत मिळतं, बाकी नेण्याआणण्याचं सगळं माझ्या डोक्यावर. एक पाकीट मोडलं की दोन चांगल्या पाकिटांची मिळकत जाऊन वर खड्डा पडतो. मी फोनवर विचारलं, मोडली तुमच्या माणसानं आदळून, पैसे माझे का? तर उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. इंदूरच्या एका बाईनं एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, भाकरी फार कडक आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते तिनं वाचलंच नसेल. असा एकेक तारा गळला की आपला माल यादीत खाली जातो, आणि वर यायचं तर जाहिरातीचे पैसे निराळे.

मे महिन्यात एक दिवस मी परातीपुढे बसून मोबाइलवर त्या महिन्याच्या हिशेबाचा कागद उघडला. पंचावन्न पाकिटं गेली होती. माझ्या मनात मोठा आकडा होता आणि जमा झाले होते साडेतीन हजारांच्या आत. मी पीठ लागल्या हातानं तो मोबाइल खाटेवर टाकला आणि ओरडले, चोर आहेत सगळे, दिवसाढवळ्या कापतात. हे खिडकीशी बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “शिवबाई हेच सांगत होती की.”

एवढंच बोलले. मग पेपराचं पान उलटलं. मी त्या दिवशी पुढची भाकरी थापली नाही. तव्यावरची जळाली तीही बघितली नाही.

शिवबाई, जानेवारीतला तो दिवस तुला सांगायला नको. पण मी तो आजवर कुणापुढे नीट उच्चारलेला नाही, म्हणून मलाच एकदा लिहू दे. जगदेवीच्या घरी भिशी होती. चौदा बायका. भिशीची वही आणि पैसे सहा वर्षं तुझ्याकडे, कारण बारावीपर्यंत शिकलेली तूच एक, आणि सहा वर्षांत पाच रुपयांचा घोळ नाही. त्या दिवशी तू मला बाजूला घेऊन डिसेंबरचा माझा वाटा दिलास, चार हजार सातशे सहा. आपल्या दोघींच्या दुकानाचं खातं तुझ्या नावावर, पैसे तुझ्या बँकेत यायचे, तू अर्धे आणून द्यायचीस. मी मनात गणित केलं. नोव्हेंबरात चाळीस पाकिटं गेली होती तेव्हा माझ्या वाट्याला अडीच हजार आले. मग डिसेंबरात एकशे बारा गेली, तर सात हजार यायला हवेत. बाकीचे कुठं गेले? तू म्हणालीस, ‘महादेवक्का, कंपनी लई कापते.’ आणि मी, हळू बोलायची अक्कल नसल्यासारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, ‘कंपनी कापते की तू कापतेस?’

तू पिशवीतून कंपनीच्या सगळ्या महिन्यांच्या हिशेबाचे छापील कागद काढलेस, माझ्या मांडीवर ठेवलेस आणि म्हणालीस, ‘यात सगळं हाय, वाच.’ मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही हे माहीत आहे म्हणूनच दाखवतेस. तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. नंतर कुणीतरी, कोण ते मी सांगणार नाही, तुझ्याकडे भिशीची वही मागितली. तू वही ठेवलीस, पैशाचा डबा ठेवलास, मोजून घ्या म्हणालीस. त्यांनी मोजले. एक रुपया कमी नव्हता. तरी वही परत तुझ्या हातात कुणी दिली नाही. तिसऱ्या दिवशी तू खोली रिकामी करून बार्शीला भावाकडे गेलीस. तुझ्या हातचे डबे खाणारी कोर्टातली चार माणसं महिनाभर विचारत होती, बाई कुठं गेल्या. मी सांगायची, गावाकडं काम निघालं.

ह्यांच्या त्या बोलण्यानंतर मी त्या दिवशी माझ्याकडेच राहिलेले तुझे कागद शोधले. टाकले नव्हते. का ठेवले, तेही सांगता येत नाही. लाकडी पेटीत साड्यांच्या खाली होते. इंग्रजी मला अजून येत नाही, पण त्या कागदावरचे रकाने आता ओळखीचे झाले आहेत. कुठल्या रकान्यात कमिशन, कुठल्यात बंद करायची फी, कुठल्यात हवेचं वजन, हे मी डोळे मिटून सांगेन. त्याच शहाण्या कंपनीनं मला शिकवलं. डिसेंबरच्या कागदावर बोट ठेवत ठेवत गेले. एकशे बारा पाकिटं, प्रत्येकी एकशे तीन. त्यातून नऊ पाकिटांचे परत गेलेले पैसे वजा. एकशे सतरा रुपये कर वजा. खाली राहिले नऊ हजार चारशे बारा. त्याचे अर्धे चार हजार सातशे सहा. मी तीनदा केलं. तीनदा तेवढेच आले.

मग मागचे महिने बघितले. ते बघितले नसते तर बरं झालं असतं, असं आधी वाटलं. नोव्हेंबरात कंपनीनं तुला पाठवले होते तीन हजार एकशे त्र्याऐंशी. त्यातले अडीच हजार तू मला दिलेस. तुला उरले सहाशे त्र्याऐंशी. सप्टेंबरात आले दोन हजार एकोणीस, मला दिलेस दीड हजार. मला वाटायचं, तूही तेवढेच घेतेस. मी कधी विचारलं नाही, तू कधी बोलली नाहीस. ते महिने ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे होते. मी तुझ्या दारात बसून रडले होते की औषधांना पुरत नाही. तू माझ्याकडून पीठ चाळून घेतलंस आणि कामाला लावलंस. तू स्वतःच्या वाट्यातून माझा वाटा भरत होतीस, म्हणून मला कंपनीची कापाकापी कधी दिसलीच नाही. आणि डिसेंबरात पैसे बऱ्यापैकी आले, तेव्हा तू पहिल्यांदा सरळ अर्धे केलेस. त्याच महिन्यात मी तुला चोर म्हणाले.

हे कळून तीन महिने झाले. तुला फोन केले, तू उचलले नाहीस. बरोबर केलंस. दर वेळी वाटायचं, उचललास तर मी काय बोलणार आहे? कंपनीलाच शिव्या देत बसले असते. या पत्रातही बघ, अर्धं पत्र तेच केलं. कंपनीवर चिडणं सोपं आहे गं. तिला तोंड नाही, ती रडत नाही, ती घर सोडून जात नाही.

काल जगदेवीच्या घरी भिशी होती. मी तुझे कागद घेऊन गेले. सगळ्या बसल्यावर उभी राहिले आणि वाचलं, एकेक रकाना, मोठ्यानं. शेवटी सांगितलं, शिवबाईनं एक पैसा घेतला नव्हता, उलट तिनं मला दिले, आणि मी याच खोलीत तिच्यावर आळ घेतला. मग जगदेवी म्हणाली, “आमीबी तवा गप बसलो की.” ज्या बाईनं वही मागितली होती, ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला त्यांनी पाणी दिलं. मी प्यायले आणि घरी आले. तुझा पत्ता जगदेवीनंच दिला.

हे पत्र एवढ्यासाठीच. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, चारचौघींत घेतला, आणि तो खोटा आहे की नाही हे बघायचे कष्टही घेतले नाहीत. माझं चुकलं. तू जास्तीचे दिलेले पैसे मी परत आणणार नाही. ते परत केले तर तू जे केलंस ते उसनं होतं असा अर्थ होईल, आणि ते उसनं नव्हतं. दुकान चालवायला ये, असंही म्हणत नाही, त्या दुकानात तसंही काही राहिलेलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मी बार्शीला येते आहे. तुझ्या दारात उभी राहून हेच सगळं तोंडानं सांगायचं आहे, कारण तेव्हा जे बोलले तेही तोंडानंच बोलले होते. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर थोडी बसेन आणि दुपारच्या गाडीनं परत फिरेन. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझीच,
महादेवी