एक ठोका म्हणजे चूक

७ फेब्रुवारी

ठमीच्या आई,

तुझे संपूर्ण नाव मी आयुष्यात मोजक्याच वेळा लिहिले. शेवटचे मृत्यूच्या दाखल्यावर. म्हणून इथे तुला नेहमीच्याच नावाने हाक मारतो.

ठमीची प्रकृती बरी आहे, असे लिहिणे सत्यास धरून होणार नाही. ताटातले निम्मे उरते. तुझ्या पश्चात रोज दुपारी चार वाजता मी तुझ्याच खुर्चीवर बसून, तू अर्धवट ठेवलेले ते गलबताच्या सफरीचे पुस्तक तिला वाचून दाखवतो. आजवर एक स्वल्पविरामही सोडलेला नाही. ती भिंतीकडे तोंड फिरवते. चौतीस वर्षांची मुलगी. तिला सारे समजते, फक्त शब्द फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु तुझ्या वाचनाच्या वेळी त्या खोलीतून हसणे ऐकू येई आणि टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज येई. बाहेर बसून मी छापखान्याची प्रुफे तपासत असे. त्या आवाजाने लक्ष विचलित होते, अशी तक्रारही मी एकदा केली होती. तू नुसती हसलीस आणि दार लोटून घेतलेस.

त्या दाराआड काय चाले, हे तुझ्या अक्कांना पत्राने विचारले आहे.

तुझा,
ठमीचे बाबा

१५ फेब्रुवारी

रा. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर छापल्यासारखं, आणि मजकूरही! भाऊजी, रागावू नका, पण तुम्ही पोरीला गोष्ट वाचून दाखवता की पंचनामा?

माझी बहीण मुद्दाम चुकीचं वाचायची. राजाला घोड्याऐवजी म्हशीवर बसवायची. ठमी मूठ आपटायची. एक ठोका म्हणजे चूक, दोन म्हणजे बरोबर, पुढे चला. अहो, तेच तिचं बोलणं होतं! तुम्ही चुकतच नाही, मग तिनं बोलावं कुठं? जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात, आता चार स्वतः करा. आभाळ कोसळणार नाही.

दुसरं म्हणजे, तिला माझ्याकडे पाठवा, हे मी बाराव्याच्या दिवशी बोलले ते तोंडदेखलं नव्हतं. माझ्या शिवणवर्गात दहाजणी दिवसभर कलकलतात. मागे पंधरा दिवस राहिली तेव्हा ठमी त्यांच्यात नुसती खुलली होती. पण तुम्हाला काय वाटतं ते मला कळवू नका. तिला काय वाटतं ते कळवा.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मागायची नसते.

तुमची,
अक्का

२४ फेब्रुवारी

ती. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या सूचनेनुसार सोमवारी मी कप्तानाच्या हाती दुर्बिणीऐवजी छत्री दिली. ठमीने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि एक ठोका दिला. मी दुर्बीण म्हटले. दोन ठोके. मंगळवारी अकरा चुका केल्या. त्या दिवशी ताट रिकामे झाले.

आपल्या प्रस्तावाविषयी मी तिला सरळ विचारले, तेव्हा तिने माझा चेहरा न्याहाळला, ठोका मात्र दिला नाही. तिच्या आईलाही कुणाचे मन मोडवत नसे. म्हणून आपणांस लिहायच्या उत्तराचा कच्चा मसुदाच तिला वाचून दाखवला. ‘ठमी माझ्याजवळच राहील,’ असे मी वाचले. एक ठोका. ‘उन्हाळा संपल्यावर पाठवीन,’ असे सुधारले. एक ठोका. पेन्सिल खाली ठेवून मी थोडे पाणी प्यालो. नंतरचे वाक्य वाचले, त्यावर दोन ठोके आले. तेच येथे उतरवीत आहे:

ठमीला येत्या रविवारी आपल्याकडे घेऊन येतो.

हे भाड्याचे घर सोडून मी स्वतः छापखान्यावरच्या खोलीत राहीन. आपल्या दोन खोल्यांत दहा स्त्रिया, यंत्रे आणि ठमी. त्यात मी छपाईच्या जुळणीत चुकीच्या जागी पडलेला अक्षराचा खिळा ठरेन. जिने चढवत नसले, तरी तेथे काम हाताशी आहे. तिच्यावर आपली छाया राहो, याहून अधिक काय मागू?

आपला नम्र,
ठमीचे बाबा

७ मार्च

ठमीच्या आई,

रविवारी ठमीला अक्कांकडे पोचवले. तिथून निघण्यापूर्वी तिला दोन पाने वाचून दाखवली. शिवणाऱ्या स्त्रिया यंत्रे थांबवून ऐकत होत्या. त्यांच्यापैकी एकीने, ‘हे काका गालात हसतात हो,’ असा शेरा मारला. शेवटच्या परिच्छेदात माझ्याकडून एक ओळ खरोखरच सुटली. ठमीने ठोका दिला. मी ओळ पुन्हा वाचली. ती पुरी होईस्तोवर तिने माझा अंगठा मुठीत धरून ठेवला होता. मग दोन ठोके दिले, आणि मी निघालो.

परवा चार वाजता इथे सवयीने खुर्चीत बसलो. पुस्तक तिच्याकडे ठेवून आलो होतो, म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. एक शब्द मुद्दाम बदलला. चूक तशीच राहिली.

आज सामान हलवले. तिची खाट काढल्यावर भिंतीवर, तिचे डोके टेकत असे तिथे, फिकट तेलकट गोल दिसला. तो पुसला नाही. खिडक्या लावल्या. साडेअकराला दाराला कुलूप घातले आणि दोन्ही किल्ल्या घरमालकांच्या हाती परत दिल्या.