काठावरची माणसं

प्रिय धाकट्या,

आमच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट घ्यावा का, असं तू विचारलंस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? म्हणून लिहिते.

इथली माणसं स्वतःला 'काठकर' म्हणवतात. पाच-सात वर्षांत कुठून कुठून येऊन राहिलेली, पण ऐट अशी की जणू नदीच यांच्या मागून आली. दहा मिनिटांवरच्या बाजारात जायचं असलं तरी 'जरा शहरात जाऊन येते' म्हणून नाक मुरडतात. आमची खूण म्हणजे बगळा. टोप्यांवर बगळा, कपांवर बगळा, गेटवर तर माणसाएवढा. खरे बगळे ज्या लव्हाळ्यात राहायचे ते मात्र कमिटीने साफ कापून टाकलं, का तर पहिल्या मजल्यावरून नदी नीट दिसत नव्हती. बगळे अर्थातच गेले. मग सभा भरली, चहापाणी झालं आणि फायबरचे बगळे मागवायचं ठरलं. एकालाही हसू आलं नाही रे! आता दर रविवारी ते पुसायला माणूस येतो. डासांमुळे आमच्या खिडक्या बारा महिने बंद, म्हणून खाली लॉबीत स्पीकरवर पाण्याचा आवाज लावतात. मी त्याची चेष्टा केली, तर सेक्रेटरीबाई म्हणाल्या की मला इथलं वातावरण अजून कळलेलंच नाही. नाही कळलं, आणि कळून घ्यायची हौसही नाही.

गेल्या महिन्यात आई आठवडाभर माझ्याकडे होती, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती खाली गेली आणि चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली. एवढंच. मी पोळ्या लाटत होते, तोवर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. पाठमोरी आई, आणि खाली लिहिलेलं, 'काठावर अनोळखी बाई. वॉचमनने लक्ष द्यावं.' मी धावत खाली गेले तेव्हा त्याने तिला उठवलंही होतं. ओले पाय तसेच चपलांत घालून ती उभी होती आणि मलाच विचारत होती, माझ्यामुळे तुला बोलणी बसतील का गं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्रुपवर लिहिलं, ती माझी आई आहे. त्यावर सेक्रेटरीबाईंचं उत्तर, 'अय्या, आधी सांगायचं ना! आपल्या कॅलेंडरसाठी किती छान फोटो आहे!' तिला बसू द्या, असं मात्र कुणीही म्हटलं नाही. उरलेले दिवस आई सोफ्याच्या टोकावर अंग चोरून बसून राहिली. हे तिने तुला सांगितलं नसणार.

काल तिचा फोन आला. तू तिचं घर विकून इथे फ्लॅट घेणार, तिलाही घेऊन येणार, सोमवारी तिची सही हवी आहे, हे सगळं तिने फार आनंदाचा आवाज काढून सांगितलं. तो आवाज मी ओळखते, तूही ओळखायला हवास. मी म्हटलं, नको म्हण त्याला. तर म्हणाली, त्याला कसं गं नाही म्हणू? तिने आजवर तुला कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि सोमवारीही म्हणणार नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे. तू तिला विचारूच नकोस.

तुझीच,
ताई