सहीआधी दोनदा

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी तुझी आजी. तुझ्या आईची आई, डाव्या गालावर तीळ असलेली. मोठ्या हुद्द्यावरची माणसं विसरतात, म्हणून ओळख दिली. मागच्या पत्रात माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघा तुझ्या मामाचा दुखतो गं, माझा खांदा. सरकारचं पाणीपुरवठा खातं सांभाळतेस आणि घरातली दुखणी भलत्यालाच वाटतेस?

पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहिताहेत. मी एक वाक्य सांगते, त्या चार टाके घालतात, मग लिहितात. म्हणून उशीर.

त्या परक्या देशात तू करारावरची इंजिनियर म्हणून लागलीस, संचालक झालीस, अतिरिक्त सचिव झालीस. आता सचिवाची खुर्ची रिकामी होतेय आणि ती तुलाच मिळणार होती, पण मंत्र्यांशी बिनसलं, असं तुझी आई म्हणते. काय बिनसलं ते सांगत नाही. माझं ब्लडप्रेशर वाढेल म्हणे. न सांगितल्यानेच वाढतंय. तेव्हा सरळ लिही.

आणि माझी सवय मोडली नाहीस ना? अंगठा उठवण्याआधी कुठलाही कागद मी दोघांकडून वाचून घेते, एकमेकांच्या माघारी. तुझे आजोबा म्हणायचे, हिने घरात कोर्ट भरवलंय.

माया घट्ट आहे. पत्राला उशीर केलास तर पातळ करीन.

तुझी आजी

दि. २० मार्च

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

खांद्याची माफी मागते. मामाच्या गुडघ्यालाही नमस्कार सांग.

सवय मोडली नाही, म्हणूनच बिनसलं. मंत्र्यांनी नव्या नळजोडणीच्या नियमाचा मसुदा पाठवला. शहरात दहा वर्षं राहिल्याचा पुरावा असेल, त्यालाच नळ. सही संध्याकाळच्या आत हवी होती. मी तो आधी विधी अधिकाऱ्यांकडून वाचून घेतला, मग टायपिस्टबाईंकडून. डोळ्यांनी वाचताना सगळं ठाकठीक वाटलं होतं. कानांवर पडलं तेव्हा चमकले. इथे आल्यावर मी लाँड्रीच्या वर भाड्याने राहायची, त्या खोलीला नळ नव्हता. कामावर जाण्याआधी शेजाऱ्यांकडून दोन बादल्या मागून आणायची आणि तुला लिहायची, इथे पाण्याची चंगळ आहे. या नियमाने अशी कितीतरी माणसं बादली घेऊन दारोदार फिरली असती.

मंत्री म्हणाले, बाई, तुम्ही तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची बाजू घेताय, लोक बोलतील. मी म्हटलं, बोलू देत, पण तहान काही पुरावा मागून लागत नाही. त्यावर ते म्हणाले, मग खुर्चीचा पुन्हा विचार करावा लागेल. मी सही केली नाही. उलट माझ्या नावाने दुसरं कलम जोडलं, की माणूस ज्या घरात राहतो त्या घराला नळ द्यावा. पुढच्या आठवड्यात मंत्रिमंडळ ठरवेल. आमचे सहसचिव सहीला फार चपळ आहेत. खुर्ची त्यांना गेली तर नवल नाही.

मी घाबरलेली नाही. मनात एकच खुटखुट आहे. ही हरकत अधिकाऱ्याची, की त्या बादलीवाल्या पोरीची? तूच सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे, काटछाट नको.

तुझी भिंगरी

दि. ५ एप्रिल

चि. भिंगरीस,
आजीचे ओंजळभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र रिवाजाप्रमाणे दोघांनी वाचलं. शिंपीणबाईंच्या वाचनात लाँड्रीवरची खोली आलीच नाही. मग शेजारच्या कंपाउंडरदादांनी वाचलं, तर त्यातून दोन बादल्या निघाल्या! शिंपीणबाईंना जाब विचारला, तर म्हणतात, तुम्हाला वाईट वाटलं असतं. (हे वाक्यही मी गाळणार होते, पण पत्र कंपाउंडरदादा तपासणार आहेत. — शिंपीण)

वाईट वाटलंच. मग राग आला. पाण्याची चंगळ म्हणे! भेटलीस की कान पिळीन, मग सचिव असलीस तरी.

आता तुझ्या प्रश्नाचं ऐक. शिंपीणबाईंनी मायेपोटी बादल्या गाळल्या, त्या मसुद्याने चक्क माणसं गाळली. बादलीवाल्या पोरीला ते ऐकू आलं आणि अधिकाऱ्याने सही रोखली. दोघी एका खुर्चीत मावतात, तू काही फार जाड नाहीस.

एवढं सांगून झालं आणि तुझ्या आईला तुझा फोन आला. कलम तुझंच मंजूर, खुर्चीही तुझीच! मंत्री म्हणाले म्हणे, ही बाई दुसऱ्या खात्यातून भांडण्यापेक्षा समोर बसून भांडलेली बरी. माणूस शहाणा दिसतो. मी नाचले नाही, खांदा दुखतो. पण जिन्यात भेटेल त्याला बातमी सांगितली. दूधवाल्याला दोनदा, त्याला पहिल्यांदा ऐकू आलं नसेल असं धरून.

नेमणुकीच्या कागदावरही दोघांकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. आशीर्वाद पुन्हा देत नाही, वरचेच पुरवून वापर.

तुझी आजी

ता. क. सुके अंजीर पाठव, पण मऊ. मागचे दगड होते, त्यातला एक शिंपीणबाईंच्या मशीनच्या पायाखाली टेकू आहे. आणि दोन डबे सारख्या वजनाचे पाठव, एक शिंपीणबाईंना, एक कंपाउंडरदादांना. कमी मिळेल तो पुढचं पत्र वाचताना काय गाळेल, सांगता येत नाही.