खोकणाऱ्यांना बाहेर काढ

बुधवार, दुकान उघडायच्या आधी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझ्या सासूचा गुडघा बरा आहे. दुकानात बादल्यांचा नवा माल आलाय. रंग डोळ्यांत खुपतात, पण खप जोरात. तू माहेरी सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईकडून कळलं. तुझा फोन बंदच. म्हणून हे पत्र सासूच्या हाती देतोय. उत्तर घेतल्याशिवाय ती उठायची नाही, ओळखतेस तू तिला.

उद्या सकाळी नगरपंचायतीत तुझ्यावरच्या अविश्वास ठरावाची सभा आहे. ठराव झाला की अध्यक्षीणबाई घरी, आणि बाजारात बायकांच्या शौचालयासाठी तू राखलेल्या जागेवर दुकानांचे गाळे.

काल दूधवाली आणि शिवणवाली, तुझ्या दोघी सदस्या, बादल्या बघायला आल्या. बादलीत लक्ष कुणाचं होतं! मी खिळे निवडत होतो. हात कामात, कान मोकळे.

"मी नाही हात वर करायची उद्या," शिवणवाली म्हणाली. "बाजारात बसते मी. दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची भीती वाटते."

"आणि मागून खोकला आला की?"

"मग मेला आपोआप वर जातो गं."

तुला काय सांगायचं! नवरे प्रेक्षकांच्या बाकांवर बसतात. ते खोकले की बायकांचे हात वर. निवडून आल्या या, घसा त्यांचा. पण या दोघींचे हात खाली राहिले तर ठराव पडतो, सूनबाई. आणि प्रेक्षकांना बाहेर घालवायचा अधिकार फक्त अध्यक्षाच्या खुर्चीला. तू नसलीस तर खुर्चीत उपाध्यक्ष. तो शिंकायलासुद्धा परवानगी मागतो.

इथपर्यंत भराभर लिहिलं. पुढचं लिहवत नाही.

गाळ्यांसाठी सगळ्यांची मोट कुणी बांधली, ते तू मला विचारलं नाहीस. माहीत होतं म्हणूनच गेलीस. परवा जेवताना मी त्याला म्हटलं, "अरे, बायको आहे तुझी."

"म्हणूनच," तो म्हणाला. "सह्या करायला बसवली होती, डोकं चालवायला नाही. बाबा, तुम्ही खिळे विका."

उद्या पहिला खोकला त्याचाच.

फुटपाथवर पोतं अंथरून खिळे विकले मी. भलीभली गिऱ्हाइकं पटवली. पोटचा पोरगा पटला नाही. विनवलं, ओरडलो, दुकानातून काढतो म्हटलं. हसला. आता हात टेकले. एकही युक्ती उरलेली नाही, आणि माझी युक्ती संपलेली तू कधी पाहिली नाहीस.

घरी ये असं म्हणत नाही. त्याच्या शेजारी ताट मांडून बस, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? सासू गाडी घेऊनच आलीय. थेट सभागृहात ये. प्रेक्षकांना बाहेर काढशील तेव्हा मीही बाकावर असेन, मलाही काढ. सभा झाली की पुन्हा माहेरी सोडायला मी स्वतः येईन, कधी परत येणार असं विचारणार नाही.

पण उद्या ये, पोरी. पाया पडतो.

त्याचा बाप,
आणि तू म्हणू दिलंस तर तुझाही