अकरा हजार पावलं

४ जून
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमची जीभ अजून जडावते, मग तुम्ही चिडता आणि मी रडते. त्यापेक्षा पत्रं बरी.

सोबत एक पट्टा पाठवला आहे. तो डाव्या, म्हणजे अर्धांगाच्या झटक्याने लुळ्या पडलेल्या पायाच्या घोट्याला बांधायचा. तुम्ही किती पावलं चाललात ते माझ्या फोनवर आपोआप दिसतं, त्यामुळे थापा चालणार नाहीत. रोज चार हजार पावलं होईपर्यंत शिलाई मशीनला हात लावायचा नाही. मागच्या वेळी स्टुलावरून पडलात ते मी विसरलेले नाही.

इकडे आमच्या पुनर्वसन विभागात माझं वाचन चालू आहे. जगभरात वीस वर्षांत या विषयावर काय काय संशोधन झालं ते मोजून, पुढे आपण कशावर काम करावं हे मला बैठकीत सांगायचं आहे. आधी व्यायाम, मग यंत्रं, मग पडद्यावरचे खेळ, आता हे पट्टे. डोळ्यांपुढे कागदच नाचतात.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो आणि काठी दोन्ही सोडू नका.
तुमची चिमणी

१५ जून
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पट्टा बांधला. स्वयंपाकघर ते दार अठरा पावलं, परत येताना बावीस, कारण तेव्हा मी दमलेला असतो. तुझी आई मध्ये हवालदारासारखी उभी असते. काल नऊशे झाली आणि आम्ही दोघंही बसलो.

तू तिकडून उंटावरून शेळ्या हाक. इथे पुढच्या खोलीत मशीन झाकून पडलं आहे आणि दारावर दुकान बंदची पाटी आहे. पाय गेला त्याचं एवढं नाही. पण चाळीस वर्षं शिंपी असलेल्या माणसाने दिवसभर भिंतीकडे बघत काय करायचं, ते तुमच्या कुठल्या कागदात असेल तर कळव.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेत, ते मोजायला पट्टा लागत नाही.
बाबा

६ जुलै
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल अकरा हजार! मी फोन तीनदा बंद करून चालू केला. गेले दोन आठवडे आकडा चढतोच आहे. तुमचा आलेख मी नाव न घालता सरांना दाखवला. ते इतके खूश झाले की बैठकीत तोच पहिला लावायचा म्हणाले. पट्टा बांधला की माणूस घरीही चालतो, हे त्यातून दिसतं असं त्यांचं मत. दोनशे पट्टे मागवून त्यावरच पाच वर्षं काम करायचं घाटत आहे. बैठक सोळा तारखेला आहे.

चार हजार केव्हाच झाली, तरी तुम्ही मशीनचं नावही काढत नाही. एवढे शहाणे कधीपासून झालात? मला तुमचा फार अभिमान वाटतो.
माया आहे तेवढीच ठेवा, पावलं वाढवा.
चिमणी

१२ जुलै
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बैठकीच्या आधी हे पत्र मिळावं म्हणून घाईने लिहितो. ती पावलं माझी नाहीत. म्हणजे पाय माझाच, पण चालणं नाही. मी रोज दुपारी मशीनवर बसतो. पॅडल मारताना पट्टा पावलं मोजतो हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. आईला यात ओढू नकोस, तिने फक्त उशांचे फाटके अभ्रे पुढे केले. स्टूल बदलून पाठीची खुर्चीही तिनेच ठेवली.

तू कौतुक केलंस ते वाचून दोन दिवस फार गोड वाटलं, म्हणून गप्प बसलो. चूक झाली. पण माझ्यामुळे तुझी फजिती व्हायला नको.

एक सांगतो. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, काय शिवायचं आहे? मग टेप काढतो. तुम्ही लोक आधीच टेप लावता.
रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.
बाबा

१७ जुलै
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र काल सकाळी, बैठकीला निघताना मिळालं. जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. आधी राग आला, मग हसू. मग बैठकीत सगळ्यांसमोर सरांना खरं ते सांगितलं. वाटलं होतं, आता माझी बिनपाण्याने होणार. पण त्यांनी विचारलं की पट्टा कुठल्या पायाला होता. मी म्हटलं, लुळ्या. तेव्हा बैठकीतले सगळेच माझ्याकडे बघायला लागले. कारण जो पाय घोट्यातून हलतच नव्हता, तो रोज हजारो वेळा पॅडल दाबत होता.

रात्रीच्या फोनवर आई म्हणाली की तुम्ही बसल्या जागी डावा चवडा वर उचलता. माझा विश्वास बसेना, म्हणून आज सकाळी तिने तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारलं. त्या म्हणतात, खरं आहे. बाबा, मला इतका आनंद झाला आहे की धड लिहिता येत नाही.

हजारो कागद चाळले मी, पण रोग्याला त्याचंच काम व्यायाम म्हणून दिलेले फार थोडे सापडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एका शिंप्यावरून काही सिद्ध होत नाही, असं सर म्हणतात, आणि ते बरोबर आहे. म्हणूनच आता पट्टे वीसच येणार आहेत, आणि आम्ही प्रत्येक रोग्याला आधी त्याचा धंदा विचारणार आहोत.

मशीनला परवानगी आहे. अर्धा तास काम, मग विश्रांती, आणि चालणंही चुकवायचं नाही.
असाच लोभ ठेवा, पण थापा नकोत.
चिमणी

२८ जुलै
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पाटी काढली. काल पहिलं गिऱ्हाईक आलं, कोपऱ्यावरचा सायकलवाला. पँट शिवायची होती. डाव्या हाताची पकड अजून सुटते, त्यामुळे टेप दोनदा पडला. तो उचलून देत होता आणि मी उगाच त्याच्यावर ओरडत होतो.

जाताना त्याने विचारलं, कधी मिळेल? मी पटकन बोलूच शकलो नाही, तर त्याला वाटलं जीभ अडकली. तसं नव्हतं. सहा महिने सगळे मलाच तारखा देत होते, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, तू. मला कुणी तारीख विचारली नव्हती. मी शुक्रवार सांगितला.

चाळीस वर्षांत दिलेल्या दिवशी मी एकही कपडा तयार ठेवलेला नाही, हे तुझी आई तुला सांगेलच. हा ठेवणार आहे. म्हणून पत्र इथेच आवरतो.
बाबा