साध्या पाण्यातले मासे का मेले

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (अर्धाच वाकले आहे. पाठीत उसण भरली आहे, तिचं कारण पुढे येईल. उरलेला नमस्कार भेटीत पूर्ण करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने आता वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचता येतात असं कळलं, म्हणून बिनधास्त बारीक अक्षर काढते आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेला पत्र लिहायचं म्हणजे पुन्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. गेल्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका तू लाल शाईने दाखवून ते परत पाठवलंस, त्याबद्दल आभारी आहे. या वेळी मोजत बसू नकोस. या पत्रात चूक एकच आहे, पण ती आठ महिन्यांची आहे.

तू विचारलं होतंस की विषशास्त्रात पीएचडी करतेस म्हणजे दिवसभर नेमकं करतेस काय. मासे मोजते. पिकांवर फवारतात त्यातलं एक कीटकनाशक अगदी किंचित प्रमाणात पाण्यात उतरलं तर माशांचं काय होतं, हा माझा विषय. त्यासाठी करंगळीच्या पेराएवढे पट्टेवाले मासे पाच काचेच्या टाक्यांत ठेवले. चार टाक्यांत ते औषध चढत्या प्रमाणात, आणि पाचवीत नुसतं साधं पाणी. या पाचवीतल्या माशांनी फक्त सुखाने जगायचं, म्हणजे बाकीच्यांची त्यांच्याशी तुलना करता येते. (घरात एक तरी मूल सरळ असलं की इतरांना बोलायची सोय होते, तसं.) आता काय झालं ते ऐक. चार महिन्यांत विषातले मासे टुणटुणीत राहिले आणि साध्या पाण्यातले चाळीसपैकी एकतीस मेले.

हा निकाल घेऊन मी आमच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. मॅडम फार कमी बोलतात. त्यांचा सगळा कारभार 'बरं' या एका शब्दावर चालतो आणि त्याचे तीन सूर आहेत: पहिला म्हणजे चालू दे, दुसरा म्हणजे पुन्हा कर, आणि तिसरा अजून कोणी ऐकलेला नाही, पण तो ऐकल्यावर एक मुलगी बँकेत नोकरीला लागली असं म्हणतात. मला दुसरा मिळाला. मी नवे मासे आणून पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी चार महिने गेले आणि साध्या पाण्यातले तेहेतीस मेले. आमच्या प्रयोगशाळेत पीएचडीच्या सातव्या वर्षाला असलेला एक जण आहे, त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. आजोबांनी माझा तक्ता बघून सांगितलं की हे कीटकनाशक सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घ्यावं असं छापून दे, कंपनी तुला डोक्यावर घेऊन नाचेल. मी हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि ठरवलं की हे मासे का मरतात ते शोधल्याशिवाय इथून हलायचं नाही.

पहिला संशय पाण्यावर. म्हणून शेजारच्या इमारतीतून कॅन भरून तीन जिने चढवले. लिफ्ट बंद होती. (पाठीचं कारण ते हे.) मासे मेलेच. मग खाद्य बदललं, हवेचा पंप बदलला, टाकी खिडकीपासून हलवली. हलवताना ती कलंडली आणि अर्धं पाणी माझ्या बुटांत गेलं, तेव्हा दोन मासे मी ओंजळीने झेलले. ते दोघे वाचले आणि पुढच्या सोमवारी मेले. हा 'सोमवार' वहीत लिहिताना माझा हात थबकला. मागची पानं उलटली, तर एकूण एक मृत्यूची नोंद सोमवारची! आजोबा म्हणाले की सोमवार कोणालाच सहन होत नाही, माशांना तरी का व्हावा. पण मी सरळ हिशेब मांडला: शुक्रवारी संध्याकाळी मासे ठणठणीत, सोमवारी सकाळी उलटे. म्हणजे जे होतं ते मधल्या सुट्टीत. म्हणून शनिवारी सकाळी सहालाच डबा घेऊन आले आणि कपाटामागे स्टुलावर दबा धरून बसले. (पाठीचं दुसरं कारण.)

साडेसातला दार उघडलं आणि आमच्या सफाईच्या मावशी बादली घेऊन आत आल्या. खोली झाडली, पुसली. मग त्याच बादलीत फडकं बुडवून, पिळून, त्या माझ्या साध्या पाण्याच्या टाकीजवळ गेल्या, बाह्या वर केल्या आणि आत हात घालून काच पुसायला लागल्या. वर माशांशी गप्पाही चालू होत्या: बाळांनो, बाजूला व्हा, झालंच हं. मी कपाटामागून अशी उसळले की मावशींच्या हातातलं फडकं टाकीतच पडलं.

"मावशी, काय करताय हे?"

"काच घासतेय, दर शनिवारी घासते. बाकीच्या टाक्यांवर तुम्ही 'विष, हात लावू नये' लिहिलंय, तिकडे मी फिरकत नाही. यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही. म्हटलं, यांच्याकडे कोणी बघतच नाही, बिचाऱ्यांचं आपण तरी करावं."

"पण त्या बादलीत फरशीचा साबण आहे ना!"

मावशींनी बादलीकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग माझ्याकडे. "म्हणजे दर सोमवारी..." एवढंच म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. ओरडायचं म्हणून मी श्वास भरून घेतला होता, पण तो तसाच सोडला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. साठ-सत्तर माशांवर आठ महिने मनापासून माया केल्याबद्दल कोणाला काय बोलणार? मावशी फक्त एवढंच विचारत राहिल्या, "मला काढून टाकतील का हो?"

परीक्षण समिती पुढच्याच आठवड्यात होती. आजोबांनी मला बाजूला घेऊन एक युक्ती सांगितली. साध्या पाण्याची चिठ्ठी आणि सगळ्यात जास्त विषाची चिठ्ठी यांची अदलाबदल कर, बस. विषाने मासे मेले, साध्या पाण्यात जगले, आलेख सुंदर, पुढच्या महिन्यात प्रबंध लिहायला घे. आत्या, खोटं कशाला सांगू, मी घरी जाऊन तो आलेख काढून पाहिला. खरंच सुंदर आला होता. इतका सुंदर की मी तो टराटरा फाडला, कारण अर्धा तास आणखी बघितला असता तर माझाच त्याच्यावर विश्वास बसला असता. आणि उद्या कोणी त्या कागदाच्या भरवशावर पाण्यात किती औषध चालतं ते ठरवलं तर?

समितीत तिघे होते. मी सांगितलं की आठ महिन्यांचे आकडे रद्द धरावेत, टाकीत साबणाचं पाणी जात होतं, आणि दोष माझा आहे, कारण विषावर सूचना लिहिली आणि साध्या पाण्यावर लिहायला विसरले. साबण कोणी घातला असं विचारलं, तेव्हा म्हटलं की ज्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं त्यांनी. नाव सांगितलं नाही. मधल्या सरांनी चष्मा काढून विचारलं की मग या आठ महिन्यांतून निष्कर्ष काय निघाला? मी म्हटलं, फरशीच्या साबणाने मासे मरतात, आणि ते बाटलीवर लिहिलेलं आहे. दोघे हसले. तिसऱ्यांनी एक वर्ष वाढवून दिलं आणि सगळं नव्याने करायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं." हा सूर तिन्हींपैकी कुठलाच नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला, त्यावरून तो चौथा असावा.

आता नवे दोनशे मासे आले आहेत. साध्या पाण्यावर लावायची पाटी मावशींनीच सांगितली आणि मी ती मोठ्या अक्षरात लिहिली: 'साधं पाणी. कृपया माया करू नये.' तिसरा सोमवार उलटला, एकही गेलेला नाही. मावशी रोज टाकीपासून हातभर लांब उभ्या राहून, हात पाठीमागे बांधून मासे मोजतात आणि मला आकडा सांगतात. त्यांचा आणि माझा आकडा अजून तरी जुळतो आहे. या वेळी हे पुरं केल्याशिवाय मी सोडत नाही.

गुडघ्यांना जप, जिने चढू नकोस. ते काम सध्या मी पुरेसं करते आहे.

तुझी भाची

ता. क. एवढं लांबण लावण्याचं खरं कारण असं की बाबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या हिशेबाने मी दोन महिन्यांत डॉक्टर होते. त्यांनी माझ्या नावामागे 'डॉ.' लावून पितळी पाटी करून दारावर ठोकलीसुद्धा, आणि शेजारचे लोक खोकला घेऊन येऊ लागले आहेत. तू त्यांची मोठी बहीण. तुझ्यापुढे त्यांची जीभ उचलत नाही. एक वर्ष वाढलं एवढं तू त्यांना सांगशील का? रागावले तर रागावू दे. गप्प झाले तर मात्र मला लगेच कळव, मी पहिल्या गाडीने येते.

ता. क. २. पाकीट चिकटवताना बाबांचाच फोन आला आणि माझ्याच्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो आलेख फाडलास ते चांगलं केलंस, 'डॉ.'वर मी वर्षभर चिकटपट्टी लावतो. तेव्हा वरची विनंती रद्द समज. फक्त ही गोष्ट आईला कोणी सांगायची यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो, आणि आमचं दोघांचंही तुझ्यावर एकमत झालं आहे.